वळवाच्या दिवसांत सेसना विमान जमिनीवर सांभाळताना

सोलापुरात वैशाखातली सकाळ शांत असते, तिच्यावर विसंबू नकोस. दुपारनंतर आभाळ काळवंडलं आणि लांबवर धूळ उठलेली दिसली की वळीव आलाच समज. पावसाआधी वारा येतो, तोही दिशा बदलत. म्हणून टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, विंडसॉककडे (वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे) सारखी नजर हवी.

वारा पुढून डावीकडून असेल तर योक (विमानाचं हँडल) डावीकडे, एलिव्हेटर (शेपटीची आडवी हलती पट्टी) मधोमध. मागून डावीकडून असेल तर योक उजवीकडे आणि पुढे ढकललेलं. नवशिक्यांची गडबड इथेच होते. सेसना १७२ला, म्हणजे पंख वर आणि एक चाक नाकाखाली, मागून तिरका येणारा वाराच जास्त नडतो. तो पंख आणि शेपटी दोन्ही उचलू पाहतो. वेग माणसाच्या चालीइतका ठेव, वळताना कचकन ब्रेक मारू नकोस. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हे विसरू नकोस.

दार उघडताना हात सोडायचा नाही. एका झोतात बिजागरी वाकते, आणि मग बिल कोणी भरायचं यावर हँगरमध्ये (विमानाच्या शेडमध्ये) चर्चासत्र!

उभं करताना नाक वाऱ्याकडे, चाकांना चोक (अडसराचे ठोकळे), दोन्ही पंख आणि शेपूट बांधलेली. दोर कड्यातूनच घे, स्ट्रटच्या (पंखाला आधार देणाऱ्या तिरक्या दांडीच्या) मधोमध नको. आणि ताणून न बांधता इंचभर सैल ठेव. योक जागीच अडकवणारा कंट्रोल लॉक लाव. उड्डाणाआधी तो काढलास की योक आणि रडर (शेपटीची उभी हलती पट्टी) पूर्ण फिरवून बघ.