दीडशे वर्षांपूर्वी बादलीतल्या पाण्यात मोजलेलं समुद्राचं तापमान आज ग्राह्य कसं धरतात?

जसंच्या तसं धरतच नाहीत. आधी दुरुस्ती, मग वापर.

तेव्हा खलाशी दोराने बादली समुद्रात सोडायचे, पाणी वर ओढून त्यात तापमापी बुडवायचे. कॅनव्हासची बादली झिरपते, वारा लागतो आणि माठातल्यासारखं पाणी गार पडतं. म्हणजे नोंद खऱ्यापेक्षा कमी. पुढे इंजिन थंड करायला आत घेतलेल्या पाण्याचं तापमान नोंदवू लागले. ते इंजिनरूमच्या उष्णतेने जरा जास्तच यायचं. 1945च्या सुमारास समुद्र एकदम गार झालेला दिसतो, त्याचं मुख्य कारण हेच. युद्धकाळात बहुतेक नोंदी अमेरिकी जहाजांच्या, म्हणजे इंजिनाच्या पाण्याच्या होत्या. युद्ध संपलं आणि ब्रिटिश जहाजांच्या बादल्या परत आल्या! 2008 साली एका शोधनिबंधाने हे दाखवून दिलं.

‘शास्त्रज्ञ आकडे फुगवतात’ म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: दुरुस्तीत बादलीच्या जुन्या नोंदी वर सरकतात, त्यामुळे एकूण तापमानवाढ कच्च्या आकड्यांपेक्षा थोडी कमीच भरते.

खोल पाण्याच्या जुन्या नोंदी मात्र फारच तुरळक. तिथे खरी भिस्त 2000 नंतरच्या आर्गो तरंड्यांवर, म्हणजे समुद्रात सोडलेल्या स्वयंचलित तरंगत्या मापनयंत्रांवर. ते 2000 मीटरपर्यंत बुडी मारून वर येतात आणि उपग्रहामार्फत माहिती पाठवतात.