आधी काच बघ, मग स्क्रीन
अगं, निपाणीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्लाइडवर कॅन्सर शोधणारं एआय आलंय म्हणून घाबरू नकोस, हुरळूनही जाऊ नकोस. आधी स्लाइड, म्हणजे बायोप्सीचा पातळ काप लावलेली काच, स्वतः बघ, मत ठरव, मगच सॉफ्टवेअरनं खुणावलेल्या जागा उघड. उलटं केलंस तर नजर त्या खुणांमागंच धावते आणि न खुणावलेला कोपरा तसाच राहतो.

अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएनं २०२१ मध्ये पेज प्रोस्टेट या एआय सॉफ्टवेअरला परवानगी दिली, ती प्रोस्टेटच्या बायोप्सीपुरती. आपल्याकडं तंबाखू खाणाऱ्यांच्या गालाच्या बायोप्सी येतात. तिथं ते काय कामाचं? विकायला आलेल्या माणसाला पहिलं हेच विचार की, कुठल्या अवयवावर तपासलंय? बाकीची सुंदर चित्रं नंतर.

काप जाड निघाला, घडी पडली, रंग फिका राहिला, स्कॅन धूसर आला, की यंत्र फसतं. घडीचा गडद पट्टा कॅन्सर म्हणून लाल झालेला मी स्वतः पाहिलाय. आमच्या टेक्निशियन मामांनी काच उजेडाला धरली आणि नुसते हसले! अशा माणसाशी जमवून घे, काप चांगला मिळणं त्यांच्याच हातात.

शंका राहिली तर ब्लॉकमधून (मेणात बसवलेल्या बायोप्सीच्या तुकड्यातून) खोल काप मागव, लागलं तर आयएचसी, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगानं दाखवणारी तपासणी, कर. सर्जनचे कितीही फोन येऊ देत, तोवर रिपोर्टवर सही करू नकोस.