खलनायिकेला तळतळाट देणारी आई

काकू, नमस्कार.

मी ३८ वर्षांचा, हिंजवडीत नोकरीला. आमचं घर मूळ सदाशिव पेठेत, पेरूगेटाजवळ. इमारत रीडेव्हलपमेंटला गेल्यामुळे सध्या धायरीत भाड्याने राहतोय. आई ६६ वर्षांची, गणिताची निवृत्त शिक्षिका. बाबा नाहीत.

परवा ऑफिसात डबा खाताना एका सहकाऱ्याने मोबाइल पुढे केला. म्हणाला, "या काकू बघ, कसल्या पेटल्यात!" एका मराठी मालिकेत खलनायिकेचं काम करणाऱ्या मुलीने दिवाळीत आजीबरोबर काढलेला फोटो टाकला होता. खाली कमेंट: "दुसऱ्याच्या संसारात विष कालवतेस, तुझ्या आजीला तरी लाज वाटते का तुझी? तळतळाट लागेल." वर आईचं नाव आणि आईचाच गणपतीपुळ्याचा फोटो. मी गप्प राहिलो.

घरी येऊन शोधलं तर आईचं आणखी एक अकाउंट निघालं, नायक-नायिकेची नावं जोडून केलेलं. त्यावर ती त्या दोघांचे व्हिडिओ गाणी लावून टाकते. रात्री साडेअकरापर्यंत कुठल्याशा ग्रुपवर असते. मालिका लागली की टीआरपी वाढावा म्हणून हॉलमधला आणि तिच्या खोलीतला, असे दोन्ही टीव्ही चालू. वहीत कसलेसे आकडे लिहिते. बायको हसते, म्हणते, तुझी आई इन्फ्लुएन्सर झाली. मला हसू येत नाही. मीही घरी आल्यावर हेडफोन लावून आयपीएलच्या चर्चा आणि वेबसिरीजचे रिव्ह्यू बघत पडतो, पण कुणाला शाप देत नाही.

तिचा नेहमीचा पासवर्ड मीच तयार करून दिला होता. तिचं ते जोडीचं अकाउंट गुपचूप बंद करू का? की डॉक्टरांना दाखवू?

— वैतागलेला मुलगा, सध्या धायरी

*

अरे, आधी डॉक्टरांचं बघू. ६६ वर्षांची बाई स्वतः व्हिडिओ कापते, त्यावर गाणं बसवते, दर आठवड्याचे आकडे वहीत मांडते आणि संतापाच्या भरातसुद्धा शुद्धलेखन चुकत नाही. डॉक्टरांकडे जाऊन नेमकं काय दुखतंय म्हणून सांगणार आहेस? तो विषय इथेच संपला.

अकाउंटही बंद करायचं नाही. पासवर्ड तिने तुझ्याकडून करून घेतला तो विश्वासाने. तू गुपचूप बंद केलंस तर ते तिला दुसऱ्या दिवशी कळेल, आणि तिसऱ्या दिवशी ती नवीन उघडेल, या वेळी तुला न विचारता. शिवाय ज्या कमेंटने तुझा घास अडकला ती त्या जोडीच्या अकाउंटवरची नाहीच. ती तिच्या खऱ्या नावाने आहे. म्हणजे बंद करायला निघालास तेही भलतंच.

तुझ्या पत्रात रीडेव्हलपमेंट एका वाक्यात उरकलंय. मी तिथे थांबले. पेठेतल्या जुन्या इमारतीत मालिका संपली की दारं उघडायची, जिन्यात दहा मिनिटं उभ्या उभ्या चर्चा व्हायची: तिने ते पत्र वाचायला नको होतं, सासूला सगळं माहीत आहे, हे लग्न काही टिकत नाही. आता ते सगळे शेजारी कोण वारज्यात, कोण कोथरूडात, कोण मुलाकडे बाणेरला. धायरीच्या सोसायटीत लिफ्टमध्ये माणसं भेटतात, तीही मान खाली घालून मोबाइलमध्ये. आणि घरात तू हेडफोनमध्ये. आईने तो जिना मोबाइलमध्ये शोधला, असा माझा अंदाज आहे.

त्या ग्रुपवर काय चालतं ते तुला माहीत नाही, कारण तू विचारलं नाहीस. थोडं मी सांगते, माझ्याही ओळखीत अशा बऱ्याच जणी आहेत. प्रोमो आला की तो एकेका फ्रेमला थांबवून पाहतात. नायिकेच्या गळ्यात मंगळसूत्र आहे की नाही? असेल तर ते जुनंच की वाट्या बदलल्यात? साडी आधीच्या कुठल्या सीनमधली आहे? त्यावरून कथेचा ट्रॅक कुठे जाणार, लीप येणार का, म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढे उडी मारणार का, महासंगमात दुसऱ्या मालिकेतलं कोण येणार, याचे अंदाज बांधतात. चुकले तर दुसऱ्या दिवशी चिडवतात. बरोबर आले तर आठवडाभर ऐकवतात. तू वेबसिरीजच्या रिव्ह्यूमध्ये जे ऐकतोस ते याहून फार वेगळं नसतं रे, फक्त सांगणाऱ्याच्या मागे रंगीत दिवे लावलेले असतात.

हे सगळं चालू दे. साडेअकरापर्यंत जागते तर जागू दे, सकाळी तिला कुठली बस गाठायची आहे?

ती कमेंट मात्र चालू देऊ नकोस.

आपल्याच पुण्याचे निळू फुले आठव. पडद्यावर इतका अस्सल पाजी माणूस की गावोगावच्या बायका त्यांना खरोखर शिव्या घालायच्या, समोर दिसले तर धास्तावायच्या. प्रत्यक्षात माणूस राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतला, कार्यकर्त्यांना मदत करणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी झटणारा, अंधश्रद्धेविरुद्ध बोलणारा. त्या शिव्या म्हणजे आपल्या कामाची पावती, असं ते मानायचे आणि ते खरंही होतं. पण गावोगाव फिरणाऱ्या सिनेमाच्या तंबूत बसून दिलेली शिवी तंबूतच राहायची. पिक्चर संपला, कनात निघाली, की ती कुणाच्या घरी जात नव्हती. तुझ्या आईची कमेंट त्या मुलीच्या हातातल्या फोनवर जाऊन पडली, तिच्या आजीच्या फोटोखाली, दिवाळीत. आजीनेही ती वाचली असेल.

बरं, त्या मुलीच्या हातात असतं काय? मालिका आठवड्याला सहा-सात भाग ओकते. संवाद कित्येकदा त्याच दिवशी सेटवर हातात पडतात. विष कालवायचं की नाही हे लेखक आणि चॅनेलवाले ठरवतात, आणि दर गुरुवारी बार्कचे, म्हणजे टीआरपी मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे आले की त्यावरून कारस्थान महिनाभर वाढतं किंवा दोन भागांत गुंडाळलं जातं. आईला राग काढायचाच असेल तर चॅनेलच्या प्रोमोखाली काढू दे. "हा ट्रॅक ताणू नका, नायिकेला इतकी बावळट दाखवू नका," असं खुशाल लिहावं. ती टीका झाली, आणि चॅनेलची माणसं ती वाचतात. गंमत अशी की अभिनेत्रीच्या फोटोखालच्या शिवीने तिचं व्यावसायिक नुकसानही होत नाही. इन्स्टाग्रामच्या लेखी शिवी काय आणि शाबासकी काय, दोन्ही कमेंटच. पोस्ट आणखी लोकांपुढे जाते. आई जिच्यावर चिडली आहे तिलाच वर ढकलते आहे.

आता बोलायचं कसं? "ऑफिसात माझी लाज गेली," अशी सुरुवात केलीस तर विषय तुझ्या लाजेवर जाईल आणि तुझ्या चौथीतल्या मार्कांपर्यंत पोहोचेल. आधी काही दिवस तिच्याबरोबर बसून मालिका बघ. जाहिराती लागल्या की विचार, हा कोण, ही त्याच्यावर एवढी का उखडलीय. ती सांगेल, आणि वर्गात सांगावं तसं मागच्या ८० भागांसकट सांगेल. ऐक. मग एखाद्या दुपारी, मालिका चालू नसताना, तो फोटो उघडून समोर धर. म्हण, "आई, ही मालिकेतली बाई नाही, ही हिची खरी आजी आहे. हे काढून टाकू या." एवढंच. फोटोखाली जाहीर माफी लिहायला लावू नकोस, त्यातून नवा धागा सुरू होतो आणि चार टवाळखोर जमतात. तिला स्वतःहून त्या मुलीला खासगी मेसेजमध्ये एक ओळ लिहावीशी वाटली तर लिहू दे.

ती म्हणेल, "पण किती दुष्टपणा करते ती!" त्यावर हसू नकोस. "करते खरी, काम चांगलं करते," असं म्हण.

एवढं करूनही ऐकलं नाही तर एक हत्यार उरतं. हल्ली अभिनेत्री अशा कमेंटचे स्क्रीनशॉट नावासकट स्वतःच्या स्टोरीवर टाकतात. तुझ्या आईने एवढी वर्षं मुलांना शिकवलं, त्यातली निम्मी इन्स्टाग्रामवर असणार. हे तिला सांगता येईल. पण शिक्षिकेला विद्यार्थ्यांची भीती घालणं मला फारसं आवडत नाही, तेव्हा अगदीच नाइलाज झाला तर.

दोन टीव्हींचं मात्र तिला जरूर समजावून सांग, आणि हे ती एका मिनिटात समजेल, कारण हे तिच्याच विषयातलं आहे. टीआरपी सगळ्या घरांचा मोजत नाहीत. देशभरात निवडलेली पन्नास हजारांहून जास्त घरं आहेत, तिथे बार्कचं मीटर बसवलेलं असतं. चॅनेलच्या आवाजात आपल्याला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते, मीटर ती ओळखतं. घरातल्या प्रत्येकाने बघायला बसताना मीटरच्या रिमोटवरचं आपापलं बटण दाबायचं. ही घरं कुठली ते गुप्त ठेवतात. २०२० साली मुंबईत अशाच घरांना पैसे देऊन ठरावीक चॅनेल लावायला सांगितल्याची तक्रार पोलिसांत गेली होती, त्यावरून त्या गुप्ततेची किंमत कळते. तुमच्या घरी मीटर नाही, म्हणजे दोन टीव्ही लावा की दहा, वाढणार ते वीजबिल. नमुना निवड म्हणजे काय हे तिला तू शिकवायला जाऊ नकोस, फक्त मीटरची गोष्ट सांग. आणि ती वही बघायला माग. माझी खात्री आहे, तिने गुरुवारचे आकडे आणि त्या आठवड्याचा ट्रॅक शेजारी शेजारी मांडलेत.

बायकोला म्हणावं, हस, पण आईसमोर बसून हस. सहकाऱ्याला काही सांगायची गरज नाही. पुन्हा त्याने विषय काढलाच तर "ती माझी आई," म्हण आणि डबा खा.

राहता राहिला रोजचा कार्यक्रम. मालिका वेळेवर बघायला हिंजवडीहून निघून, वारजे पार करून धायरीत पोहोचणं तुला जमणार नाही, हे मलाही कळतं. भाग रात्री ओटीटीवर असतोच. जेवणं झाल्यावर हॉलमधल्या टीव्हीवर लाव, हेडफोन खोलीत ठेवून ये. फक्त तुम्ही लोक सगळं दीडपट वेगाने बघता, तसं करू नकोस. मंगळसूत्र नीट दिसत नाही.

— काकू