चित्रात चार फटी

ताई, सप्रेम नमस्कार.
मी ४४ वर्षांचा, मूळचा ठाण्याचा, नोकरीनिमित्त लेस्टरला. सहा-सात वर्षांपूर्वी बायको आणि मुलगी अजून ठाण्यातच होत्या, मी इथे एका खोलीत राहायचो. तेव्हा ‘वॉरहॅमर ४०,०००’ या काल्पनिक युद्धविश्वातल्या कादंबऱ्यांच्या संचाची जाहिरात पाहिली. पुठ्ठा बांधणीची ८० पुस्तकं, पंधरवड्याला एक, आणि सगळ्यांचे कणे ओळीनं लावले की एक लांबलचक युद्धचित्र तयार होतं. पहिलं पुस्तक नावापुरत्या किमतीला होतं. वर्गणी भरली. बायकोनं फोनवर विचारलं, “केवढ्याला?” मी त्या पहिल्या पुस्तकाची किंमत सांगितली. तिच्या डोक्यात आजही तीच आहे. आता ७६ पुस्तकं आहेत, वाचून झाली ११. आईची तब्येत बघता आम्ही कायमचे ठाण्याला परततोय. राहिलेली चार पुस्तकं एक जण साठ-साठ पौंडांना देतोय. घेऊ? की सगळंच विकू? न वाचलेली पुस्तकं बोटीनं न्यायची, हा बायकोच्या मते शुद्ध वेडेपणा आहे.
– चार कमी, लेस्टर

चार कमी, कपाटाकडे किंवा फोनकडे न बघता मला त्या चार पुस्तकांची नावं सांगा. नाही ना येत? पत्रातही तुम्ही त्यांच्याबद्दल अक्षर लिहिलेलं नाही. कथा अर्धवट राहिली म्हणून जीव टांगणीला लागला असता, तर तुम्ही मला पात्रांची नावं सांगितली असती. तुम्ही कणे सांगितलेत. तुम्हाला फटी बुजवायच्या आहेत.

यात लाजण्यासारखं काही नाही. हा संच बेतलेलाच तसा आहे. पहिला भाग जवळजवळ फुकट, दुसऱ्या-तिसऱ्यापासून खरी किंमत. वर पुस्तकं येण्याचा क्रम निराळा आणि कण्यावरचा क्रमांक निराळा. आज तिसावं, पुढच्या वेळी बारावं. म्हणजे चित्र डावीकडून उजवीकडे गुमान भरत जात नाही, पहिल्या महिन्यापासून त्यात भोकं असतात, आणि भोक दिसलं की माणसाचा हात शिवशिवतो. इंग्लंडात हे नवं नाही. डिकन्सची पहिली कादंबरीसुद्धा १८३६-३७ मध्ये मासिक हप्त्यांनीच विकली गेली. आणि आपल्याकडे? केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड वर्गणीदारांच्याच जिवावर उभे राहिले. माझ्या आजोळी ते होते. आजोबांनी त्यातलं किती वाचलं देव जाणे, पण एखादा खंड उसना गेला की तो परत येईपर्यंत घरातल्या कुणाची धडगत नसे.

त्यामुळे ‘७६ घेतली आणि ११ वाचली’ याची शरम मनातून काढून टाका. परक्या गावात, एका खोलीत, पंधरवड्याला आपल्या नावाचं पार्सल येतं, याची किंमत मला कळते. ते पैसे पुस्तकांचे कमी आणि दार वाजण्याचे जास्त होते. फक्त आता दार उघडायला घरात माणसं आहेत.

आता पूर्ण करण्याचं बघू. हे विश्व १९८७ साली नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपनं टेबलावर खेळायच्या छोट्या सैनिकांसाठी उभं केलं, तुमच्या घरापासून जेमतेम चाळीस किलोमीटरवर. कादंबऱ्या मागून आल्या आणि थांबल्याच नाहीत. त्यातली होरस नावाच्या सेनापतीच्या बंडाची एकच कथा २००६ ला सुरू झाली ती २०२४ ला संपली, तीही साठाहून जास्त पुस्तकांत! ८० कणे सलग लागले तरी तुमच्या हातात या विश्वातलं ‘पूर्ण’ असं काही येणार नाही, चित्र तेवढं पूर्ण होईल. चित्रासाठी २४० पौंड? मी देणार नाही. अख्खा संच विकायचाच ठरला आणि घेणारा आधी पक्का झाला, तर गोष्ट वेगळी. पण तेव्हाही हिशेब मांडा, हौस नको.

खरं दुखणं आहे ते किमतीचं. तुम्ही ते पत्राच्या मधोमध एका ओळीत उरकलंत, म्हणून मी तिथेच थांबले. पुस्तक सरासरी दहा पौंडांचं धरलं तर ७६ पुस्तकांचे साडेसातशेच्या वर होतात. बायकोच्या हिशेबात तो आकडा दोन-अडीचशेच्या पुढे जात नसेल. आणि सामान बोटीनं जायचं म्हणजे यादी आली, यादीत प्रत्येक वस्तूची किंमत आली, कारण विमा त्यावरच निघतो. तुमच्या घरात ती यादी कोण करतंय? तुम्ही नसणार, असा माझा अंदाज. ‘पुस्तकं, ७६ नग’ इथे तिचं पेन थांबेल आणि ती हाक मारेल, “अहो, यांचे किती लिहू?” त्या हाकेच्या आधी सांगा. आजच, मुलगी झोपल्यावर. आकडा पूर्ण सांगा, ‘तसे थोडे जास्त झाले’ असलं गुळमुळीत नको. ती चिडेल. चिडू द्या. वर लगेच आईच्या आजारपणाची ढाल पुढे करू नका.

सांगून झालं की दोघं मिळून कपाटासमोर बसा. वाचलेल्या ११ पैकी जी पुन्हा वाचाविशी वाटतील ती ठेवा. न वाचलेल्यांतली पहिली दहा-दहा पानं वाचा. (मी भाच्याकडून एक आणून साठ पानं वाचली. कवट्या मोजायचं विसाव्या पानाला सोडलं, पण शहाजोग अधिकाऱ्यांची खिल्ली बरी उडवलीय, मला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच बरी.) तीन भागांची मालिका असेल तर तिन्ही भाग हाताशी आहेत का पाहा. दुसराच नसेल तर तो एक जरूर विकत घ्या, वाचायला, आणि साध्या कागदी आवृत्तीत. कण्याचं चित्र बिघडलं तर बिघडलं. वीस-पंचवीस पुस्तकं उरतील. बाकीची विका किंवा चॅरिटी शॉपमध्ये द्या. तिथल्या एखाद्या पंधरा वर्षांच्या पोराची दिवाळी होईल.

ठाण्याचा पावसाळा तुम्ही विसरला असाल, म्हणून सांगते. पुठ्ठा ओल धरतो, बुरशी येते, कसर लागते. बाहेरच्या भिंतीला टेकून कपाट ठेवू नका. खणांत कडुनिंबाचा वाळलेला पाला नाहीतर वेखंड ठेवा आणि उघडीप मिळाली की पुस्तकं बाहेर काढून वारा लागू द्या.

त्या विश्वात एक घाबरट अधिकारी आहे, जीव वाचवायला पळतो आणि दर वेळी वीर ठरतो. तो तुमच्या ढिगात असेल तर त्याला खोक्यात भरू नका. हातातल्या पिशवीत ठेवा. लंडनहून मुंबईला नऊ तास लागतात.