आडवा वारा आणि छोटं विमान: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: चार आसनी विमान जोराच्या वाऱ्यात उतरताना दोन-तीनदा उसळलं, पुढचं चाक मोडलं आणि ते धावपट्टीबाहेर जाऊन नाकावर थांबलं, असा व्हिडिओ पाहिला. वारा ‘मर्यादेत’ होता म्हणे. मग चुकलं कुठे?

उत्तर: मर्यादा हा शब्दच जरा फसवा आहे. सेसना 172 या चार आसनी विमानाच्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्याचा आकडा 15 नॉट असतो, म्हणजे ताशी सुमारे 28 किलोमीटर. एवढ्या वाऱ्यात चाचणी वैमानिकाने विमान उतरवून दाखवलंय, इतकाच त्याचा अर्थ. नवशिक्याने आपला आकडा याच्या निम्म्यावर ठेवलेला बरा.

आता एक नमुना हिशेब. धावपट्टी 25, म्हणजे तिची दिशा 250 अंश. वारा 290 अंशांवरून सरासरी 18 नॉट, मध्येच येणारे झोत 28 नॉट. दोन्हींतला कोन 40 अंश, त्याचा साइन 0.64; वाऱ्याच्या वेगाला त्याने गुणायचं. सरासरी वाऱ्याचा आडवा भाग साडेअकरा नॉट येतो, पण झोताचा 18. ‘मर्यादेत होता’ म्हणणारे बहुधा पहिला आकडा धरतात. (टॉवर वाऱ्याची दिशा चुंबकीय उत्तरेपासून सांगतो, मेटारमध्ये, म्हणजे विमानतळाच्या हवामान अहवालात, ती खऱ्या उत्तरेपासून असते, धावपट्टीचा क्रमांक चुंबकीय. एवढ्यात बरेच जण गोंधळतात.)

झोत असतील तर सरासरी आणि झोत यांतल्या फरकाचा निम्मा भाग उतरण्याच्या वेगात मिळवतात. इथे फरक 10, म्हणून नेहमीच्या 65 ऐवजी 70 नॉट. भीतीपोटी 80 ठेवले की विमान टेकायलाच तयार होत नाही, धावपट्टीवर तरंगत राहतं. वेग 10 टक्के वाढला तर जिरवायची ऊर्जा 21 टक्के वाढते. कंटाळून वैमानिक नाक खाली दाबतो, पुढचं चाक आधी आपटतं आणि विमान उसळतं. तो पुन्हा नाक दाबतो, तोवर विमान वर निघालेलं असतं. प्रत्येक उसळी आधीपेक्षा मोठी होत जाते. तिसऱ्या-चौथ्या आपटीला चाकाचा दांडा जातो.

पहिली उसळी लहान असेल तर नाक आहे तसंच धरून थोडी पॉवर द्यावी. मोठी असेल तर सरळ गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं: थ्रॉटल पूर्ण, 172 मध्ये फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे खाली झुकणारे पत्रे) 20 अंशांवर, उजवा रडर (शेपटीवरचा उभा पत्रा, पेडलने हलणारा), आणि वेग आल्यावर उरलेले फ्लॅप टप्प्याटप्प्याने मिटायचे. माझ्या मते असे बहुतेक अपघात वाऱ्यामुळे कमी आणि हा निर्णय न घेतल्यामुळे जास्त होतात.

टेकताना वाऱ्याकडचा पंख एलेरॉनने (पंखाच्या टोकाकडच्या हलत्या पत्र्याने) खाली, उलट बाजूच्या रडरने नाक धावपट्टीच्या रेषेत, आणि वाऱ्याकडचं मागचं चाक आधी. खरी गंमत पुढे आहे. चाक लागलं की हात सैल पडतो. वेग कमी होतो तसा एलेरॉनचा जोर घटतो, म्हणून तो उलट वाढवत न्यायचा असतो, शेवटी पूर्ण वाऱ्याकडे. पायपर चेरोकी या छोट्या विमानात पुढचं चाक रडरच्या पेडलला थेट जोडलेलं असतं. रडर दाबलेला असताना ते जमिनीला लागलं तर विमान झटक्याने वळतं. म्हणून ते टेकण्याच्या क्षणी पेडल सरळ करायचे.

प्रश्न: अशा आपटीत प्रोपेलरचं टोक फक्त वाकलं, इंजिन चालूच राहिलं. टोक सरळ करून उडवता येईल का?

उत्तर: अजिबात नाही. झटका क्रँकशाफ्टपर्यंत, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्यापर्यंत जातो. लायकॉमिंग कंपनीच्या इंजिनात त्याच्या मागच्या टोकाचा गिअर एका बोल्टने आणि एका पिनेने धरलेला असतो. मॅग्नेटो (ठिणगीची वीज देणारा), कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) आणि ऑइल पंप त्यावरच चालतात. पीन किंवा बोल्ट सैल झाला तर इंजिन पुढे कधीतरी हवेतच बंद पडेल. त्यामुळे इंजिन उघडून तपासावं लागतं. फायरवॉलही (इंजिन आणि केबिन यांमधली पत्र्याची भिंत) पाहा: पत्र्याला सुरकुत्या, हललेले रिव्हेट. सेसनात पुढच्या चाकाचा दांडा तिथेच बसवलेला असतो.

प्रश्न: उतरल्यावर टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालवतानाही विमान उलटतं का?

उत्तर: हो, विशेषतः वर पंख असलेलं. वारा पुढून डावीकडून असेल तर योक (एलेरॉन आणि एलिव्हेटर हलवणारं हाताचं चाक) डावीकडे, एलिव्हेटर (शेपटीचा आडवा हलता पत्रा) मध्यावर. वारा मागून डावीकडून असेल तर योक उजवीकडे आणि पुढे ढकललेला. मागून वारा असताना वेगात वळू नका, ब्रेकही जोरात दाबू नका.