नाशिकच्या टपरीवर परदेशी सिगारेटचं पाकीट देशी पाकिटापेक्षा स्वस्त कसं काय मिळतं?

तुमचा दुसराही प्रश्न आहे: आपणच एवढी तंबाखू बाहेर पाठवतो, तर ही पाकिटं बाहेरून येतातच कशाला?

सरळ सांगतो. त्या पाकिटावर कर भरलेला नाही. आपल्याकडे सिगारेटच्या किमतीत साधारण निम्मा कर असतो, आयात मालावर सीमाशुल्क आणखी वेगळं. हे सगळं भरून आलेलं पाकीट देशी पाकिटापेक्षा स्वस्त विकणं कुणालाच परवडणार नाही. तो दोन नंबरचा माल आहे.

मी कांदा आणि द्राक्षांच्या निर्यातीची कागदपत्रं करतो. त्या निमित्ताने मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदरात येणं-जाणं असतं, म्हणून या धंद्याकडे बारकाईने बघत आलोय. यात तंबाखूच्या पानाची गोष्ट वेगळी आणि तयार सिगारेटची वेगळी.

आधी पान. सिन्नरला ज्या विड्या वळल्या जातात त्यांच्या तंबाखूशी या निर्यातीचा फारसा संबंध नाही. विडीची तंबाखू उन्हात वाळवलेली, निपाणीकडची किंवा गुजरातच्या चरोतरातली. सिगारेटसाठी बाहेर जातं ते व्हर्जिनिया पान, ज्याला व्यापारात एफसीव्ही म्हणतात. ते आंध्रात आणि कर्नाटकात म्हैसूर-हुणसूर भागात पिकतं. भट्टीत गरम हवेवर आठवडाभर ठेवून ते पिवळं होईतो वाळवतात, त्याला धूर लागू देत नाहीत. १९७६ पासून हा सगळा कारभार तंबाखू मंडळाकडे आहे, मुख्यालय गुंटूरला. शेतकऱ्याने नोंदणी करायची, भट्टीला परवाना घ्यायचा. हंगामात एकूण किती पीक घ्यायचं ते मंडळ ठरवतं आणि विक्री मंडळाच्या लिलावात होते. लासलगावला ट्रॅक्टर भरून कांदा नेणाऱ्याला एवढी बांधणी कधी अनुभवायला मिळत नाही.

लिलावात घेतलेलं पान कारखान्यात जातं. तिथे शिरा वेगळ्या काढतात, ओलावा बारा टक्क्यांच्या आसपास आणतात, साधारण २०० किलोच्या खोक्यांत दाबून भरतात आणि बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षं मुरू देतात. आपलं पान चवीला सौम्य आणि भावाला स्वस्त, त्यामुळे ते मिश्रणात भर म्हणून वापरलं जातं. वासाचं महागडं पान ब्राझील, झिंबाब्वेकडून येतं. म्हणजे एकाच सिगारेटमध्ये तीन-चार देशांची शेती असू शकते. २०२३-२४ मध्ये भारताची तंबाखूची निर्यात सुमारे १२,००० कोटी रुपयांची होती. खरेदीदारांच्या यादीत बेल्जियम अगदी वर दिसतो. तिथली माणसं एवढं ओढत नाहीत; अँटवर्प बंदराच्या गोदामांत माल उतरतो आणि पुढे भलतीकडेच जातो.

तरीही पान चोरण्यात फारसा अर्थ नाही. किलोला भाव कमी, त्यावरचा करही सिगारेटच्या मानाने कमी. मोठा कर बसतो तो तयार सिगारेटवर, आणि चोरी तिथेच सुरू होते.

निर्यातीच्या सिगारेटवर देश सहसा आपला देशांतर्गत कर लावत नाहीत. सिगारेटचा कंटेनर एका देशातून निघतो, मुक्त व्यापार क्षेत्रात, म्हणजे जिथे सीमाशुल्क न भरता माल ठेवता येतो तिथे, उतरतो, तिथे कागद बदलतात, मालाचं वर्णन बदलतं आणि तो तिसऱ्याच देशात दुसऱ्या कुठल्यातरी वस्तूच्या नावाखाली पोचतो. वाटेत कर कुठेच भरला जात नाही. ४० फुटी कंटेनरमध्ये जवळपास एक कोटी कांड्या मावतात. कांडीमागे पाचच रुपये कर बुडवला तरी एका फेरीत पाच कोटी झाले! असा माल न्हावा-शेवाला अनेकदा पकडला गेलाय, इंडोनेशियाच्या लवंगी सिगारेटी आणि कोरियन बारीक सिगारेटीही त्यात होत्या. दुसरी वाट म्यानमारच्या सीमेवरून ईशान्य भारतात येते.

हे फक्त भुरट्यांचं काम आहे असं समजू नका. तस्करीच्या वादातून फिलिप मॉरिसने २००४ मध्ये युरोपीय संघाशी करार केला आणि बारा वर्षांत सव्वाशे कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. कॅनडात २००८ मध्ये दोन बड्या कंपन्यांनी तर गुन्हाच कबूल केला.

आता ओळखायचं कसं? १ एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्रासह इशारा लागतो, आयात पाकिटालाही. शिवाय एमआरपी आणि आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता हवा. यातलं काही नसेल तर समजून जा. महाराष्ट्रात सुट्टी सिगारेट विकायला २०२० पासून बंदी आहे, पण टपरीवर सुट्टी मिळतेच, आणि सुट्ट्या कांडीवर ना चित्र ना किंमत.

कंपन्या म्हणतात की कर कमी करा, तस्करी थांबेल. बाजाराचा चौथा हिस्सा अवैध आहे असा त्यांचा आकडा असतो. स्वतंत्र अभ्यासांत तो बराच कमी निघतो. मला त्यांचा उपाय पटत नाही. ब्रिटनने २००० नंतर कर चढाच ठेवला, बंदरांवर स्कॅनर आणि माणसं वाढवली, आणि अवैध सिगारेटचा वाटा पाचव्या हिश्शावरून दहाव्या हिश्शाच्या आसपास आला. भारत २०१८ मध्ये अवैध तंबाखू व्यापाराविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झालाय. प्रत्येक पाकिटावर स्वतंत्र खूण करून कारखान्यापासून त्याचा माग ठेवायचा, हे त्या कराराचं मुख्य कलम आहे. तेच नेटाने राबवायला हवं. सरकारचा महसूल बुडतो याचं मला वाईट वाटतं, पण बारावी-पंधरावीच्या पोरांच्या हातात हे स्वस्त पाकीट बिनइशाऱ्याचं पडतं, त्याचा त्याहून जास्त संताप येतो.

तुम्हाला ती टपरी माहीत आहे, तर सीमाशुल्क विभागाला किंवा डीआरआयला (तस्करी पकडणाऱ्या केंद्राच्या महसूल गुप्तचर संचालनालयाला) कळवा. नाव गुप्त ठेवतात, आणि पकडलेल्या मालावर माहिती देणाऱ्याला बक्षीस द्यायची सरकारी योजनाही आहे. टपरीवाल्यापेक्षा त्याला माल आणून देणारा कोण, हे कळलं तर जास्त उपयोग होईल.