'इन्का' म्हणजे ब्लॅक बेल्ट नव्हे

प्रश्न असा : यग्यू शिंकागे-र्यू या जपानी तलवारपरंपरेविषयी मराठीत लिहिताना 'इन्का', म्हणजे विद्या पचवलेल्या शिष्याला गुरू देतो ती मान्यता, या शब्दासाठी 'ब्लॅक बेल्टचे प्रमाणपत्र' चालेल का? आणि 'र्यू'ला, म्हणजे विद्येच्या परंपरेला, 'घराणे' म्हणावे का?

ब्लॅक बेल्ट अजिबात चालणार नाही. हे भाषांतर वारंवार वाचायला मिळते आणि दर वेळी चीड येते. 'दान' श्रेण्या, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्या, ज्यूदोचे संस्थापक कानो जिगोरो यांनी ज्यूदोत आणल्या त्या १८८०च्या दशकात. शिंकागे-र्यूचे प्रवर्तक कामिइझुमी नोबुत्सुना यांनी आपले शिष्य यग्यू मुनेयोशी यांना इन्का दिली १५६५ मध्ये. तीनशे वर्षे आधीच्या माणसाच्या कमरेला पट्टा कशाला बांधायचा? 'परवाना'ही नको. त्यासाठी जपानीत 'मेन्क्यो' हा वेगळा शब्द आहे. तलवारीच्या परंपरांतही तो आहे, आणि आज गाडी चालवण्याच्या परवान्यालाही तोच लावतात.

'इन' म्हणजे शिक्का, 'का' म्हणजे मान्य. बहुतेक शब्दकोश इथेच थांबतात, आणि शब्दाची खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. तलवारवाल्यांनी हा शब्द झेन या ध्यानमार्गी बौद्ध पंथाकडून घेतला आणि झेनकडे तो बौद्ध सूत्रांच्या चिनी भाषांतरांतून आला. भाषांतरकार भिक्षू कुमारजीवाने ४०६ साली विमलकीर्तिनिर्देशसूत्र चिनीत आणले. त्यात बुद्धाचा शिष्य शारिपुत्र झाडाखाली ध्यानस्थ बसला आहे आणि विमलकीर्ती नावाचा गृहस्थ त्याला सुनावतो : नुसते असे बसणे म्हणजे ध्यान नव्हे. निरोधसमापत्तीतून, म्हणजे चित्ताचे व्यापार थांबलेल्या समाधीतून, न उठता चालणे, वागणे, सगळे व्यवहार करता आले पाहिजेत. असे जे बसतात, त्यांना बुद्ध मान्यता देतो.

ही मान्यता म्हणजेच चिनी पाठातली 'इन्का'. संस्कृत पाठात त्या जागी 'अनुजानाति' हे क्रियापद आहे, म्हणजे अनुज्ञा देणे. मुळात शिक्का नव्हताच, तो चिनी भाषांतरात उमटला! मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. आपणही निर्णयावर शिक्कामोर्तब करतो, ते जुन्या पत्रांच्या माथ्यावरच्या शिक्क्यावरून आणि अखेरच्या 'मोर्तब सुद'वरून.

माझे म्हणणे त्याही पुढचे आहे. तलवारीच्या परंपरांनी हा शब्द केवळ भारदस्त वाटला म्हणून उचलला नाही, सूत्रातला आशयही त्याच्याबरोबर आला. झेन भिक्षू ताकुआन यांनी मुनेयोशींचे पुत्र मुनेनोरी यांना लिहिलेले पत्र पाहा. त्याचा विषय 'अचल प्रज्ञा'. अचल म्हणजे दगडासारखे निश्चल, असे ते म्हणत नाहीत. प्रतिस्पर्ध्याच्या तलवारीवर, स्वतःच्या तलवारीवर, कुठेच मन अडकू न देणे म्हणजे अचल. सहस्रभुज बोधिसत्त्व अवलोकितेश्वराचे मन एका हातावर थांबले तर उरलेले नऊशे नव्याण्णव हात निकामी, हे उदाहरण त्यांचेच. शरीर चपळ आणि चित्त मोकळे, हाच विमलकीर्तीचा उपदेश, इथे तो हाती तलवार घेतलेल्याला केलेला. तलवारबाज यामाओका तेश्शू यांना १८८० मध्ये क्योतोच्या तेन्र्यूजी मठाच्या तेकिसुई यांनी झेनची इन्का दिली, आणि त्याच वर्षी तलवारीचे गुरू आसारी यांनीही त्यांच्या सिद्धीला मान्यता दिली. ज्यांना हा निव्वळ योगायोग वाटतो, त्यांनी खुशाल प्रमाणपत्र म्हणावे.

मात्र झेनवर इंग्रजीत लिहिणारे जपानी अभ्यासक डी. टी. सुझुकी यांच्या मागे जाऊन 'तलवार म्हणजे झेन' असे समीकरण मांडणाऱ्यांशी माझे भांडण आहे. सुझुकींनी ताकुआनच्या पत्राला इतके महत्त्व दिले की बाकीचा बौद्ध विचार झाकला गेला. पंधराव्या शतकातल्या ईझासा इएनाओ यांच्या कातोरी शिंतो-र्यू या तलवारपरंपरेत मंत्रयानाचा, म्हणजे मंत्र आणि मुद्रांवर भर देणाऱ्या बौद्ध पंथाचा, भरणा आहे. तिथे मारिशितेनची उपासना होते. मारिशितेन म्हणजे आपली मरीची, 'मरीचिका'तली. ती सूर्याच्या पुढे चालते, तिला कोणी पाहू शकत नाही, पकडू शकत नाही, असे तिचे सूत्र सांगते. योद्ध्याला आणखी काय हवे? तिथे बोटांनी ज्या खुणा बांधतात त्यांनाही 'इन'च म्हणतात, 'इन्का'तल्याच चिन्हाने लिहून. संस्कृतातला 'मुद्रा' शब्दही शिक्का आणि हस्तमुद्रा दोन्ही अर्थांनी चालतो. झेनचा शिक्का आणि मंत्रयानाची मुद्रा अशी एकाच चिन्हात भेटतात. सुझुकींच्या चित्रात याला जागाच नाही.

म्हणून मजकुरात 'इन्का' तसाच ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला 'गुरूची अनुज्ञा' असा अर्थ द्या.

'घराणे' चालेल. कातोरीची गादी ईझासा कुळातच राहिली आहे. पण कामिइझुमी आणि मुनेयोशी यांचे रक्ताचे नाते नव्हते, विद्या गुरूकडून शिष्याकडे आली आणि मग यग्यू कुळात चालू राहिली. संगीतातल्या घराण्यांतही मुलगे आणि शिष्य दोघेही असतात. फक्त 'र्यू'चे 'रियू' करू नका.